खिडकीपाशी की प्लगपाशी

जेवण झालं होतं, डोळा लागायच्या बेतात होता, तेवढ्यात भाचीचा फोटो आला. नांदेडला हॉस्टेलवर तिला आदल्याच दिवशी खोली मिळालेली. फोटोत तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं, भिंतीतलं बिनदाराचं कपाट आणि त्यातल्या एका टेबलाभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, 'मामा, हे पकडू ना?'

मी फोटो मोठा करून बघितला. गोल केलेलं टेबल दारामागच्या कोपऱ्यात. उजेड नाही, वारा नाही, दार उघडलं की खुर्चीला थडकणार. आणि खिडकीखालचं टेबल चक्क मोकळं! बाहेर कडुनिंबाची फांदीसुद्धा दिसत होती. मी झोप सोडून फोन लावला.

"अगं, एवढी खिडकी सोडून त्या कोपऱ्यात कुठे जातेस?"

"मामा, अरे प्लग तिथेच आहे. आणि खिडकीपाशी स्क्रीनवर उजेड येतो, काही दिसत नाही."

यावर काय बोलणार? आमच्या वेळी उजेड यावा म्हणून खिडकी लागायची. आता उजेड येतो म्हणून ती नको. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मग झोप काही आली नाही.

सांगलीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आमच्याही खोलीत असंच, तिघांत एक खिडकी. जो आधी येऊन गादी टाकेल त्याची ती, असा अलिखित कायदा. त्यामुळे ॲडमिशनच्या दिवशी पोरं आईवडिलांना रिक्षात सोडून वळकटी घेऊन जिना चढायची. खिडकी मिळाली की निम्मी डिग्री मिळाली असा चेहरा करून बसायचं. तिथे बसून पुढे चार वर्षं समोरच्या मैदानावरचं क्रिकेट बघायचं, हा भाग वेगळा.

टेबलाच्या दिशेबद्दल आमच्या मातोश्रींचे विचार पक्के होते. अभ्यासाला पूर्वेकडे तोंड करूनच बसायचं. खोलीत पूर्वेला कॉमन बाथरूमची भिंत होती आणि तिला कायम ओल. मी वर्षभर सरस्वतीच्या दिशेला तोंड करून फुगलेला चुना बघत बसलो. माझा रूम पार्टनर कोकणातला, त्याच्या घरी दक्षिण सोडून काहीही चालायचं. त्याचं टेबल हवं तिकडे फिरायचं आणि मार्कही माझ्यापेक्षा बरे पडायचे. हे मी आईला कधी सांगितलं नाही. परवा ताईचाही फोन येऊन गेला. 'तिला म्हणावं, पूर्वेला तोंड करून बस.' गादी आईनं ताईकडे रीतसर सोपवलेली दिसते.

पण खरी मजा दिशेत नव्हती, मांडामांडीत होती. आधी टेबलावर पेपर अंथरायचा. लोखंडी टेबलाचा पत्रा थंडीत कोपराला चटका द्यायचा आणि त्यावर आधीच्या बॅचनं कंपासनं कोरलेली बदामं, नावं, एक-दोन शिव्या असायच्या. ते सगळं झाकायला जुना पेपर. चारही कडा खाली दुमडून चिकटपट्टी लावायची. त्या पेपरचा मी जेवढा अभ्यास केला तेवढा त्यावर ठेवलेल्या कुठल्याच पुस्तकाचा केला नाही. डाव्या कोपराशी एका ट्रॅक्टरची जाहिरात होती. उजवीकडे कुणाच्या तरी प्रथम पुण्यस्मरणाची चौकट, फेट्यातले आजोबा थेट माझ्याकडे बघायचे. आणि मधोमध तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची बातमी. व्यापारी माल उचलून पैसे न देताच पसार झालेला, आणि हे गृहस्थ त्याला शोधत थेट दिल्लीच्या मार्केटात पोचलेले. तिथे गाळ्यासमोर उभे राहिले, आतून कुणीतरी बाहेर आलं, आणि... पान ६ वर.

पान ६ रूम पार्टनरच्या कपाटात, मधल्या फळीवर अंथरलेलं. त्यावर त्याचे इस्त्रीचे कपडे, तांदळाच्या पापडांचा डबा आणि देवाचा फोटो. 'सेमिस्टर संपल्यावर उचलतो' म्हणाला. सेमिस्टर संपलं तेव्हा त्यानं फळी पुसताना पान फाडून फेकून दिलेलं. त्या बागायतदाराला पैसे मिळाले की नाही, मला आजही माहीत नाही. वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री मी त्याचीच काळजी करत बसायचो.

पेपरनंतर वेळापत्रक. ते चार रंगांच्या स्केचपेननी, शीर्षकाला सावली वगैरे देऊन. चिकटवायला गोंद कुणाकडेच नसायचा. मेसमधून वाटीत थोडा भात आणून त्याची शितं बोटांनी चुरडून कागदाला लावायची. मेसच्या भाताचा हा एक उपयोग वादातीत होता, भिंतीचा रंग निघाला तरी कागद निघत नसे. पहाटे ५ ते ७ एम-थ्री (म्हणजे गणिताचा तिसरा पेपर), असं त्यात ठळक अक्षरात असायचं. त्या वेळी जागं असायचं ते फक्त झुरळ, शितं खायला आलेलं. त्यानं बुधवारचा दुपारपर्यंतचा भाग खाऊन टाकला. बुधवारी मग आम्ही साधारण मोकळेच असायचो.

टेबलाच्या खणात पेनं ठेवायची असतात असं म्हणतात. आमच्या खणात भडंग असायचं. प्लास्टिकच्या पिशवीला रबरबँड, बाहेरून पाठ्यपुस्तक आडवं. तरी मुंग्यांना पत्ता लागायचाच. आणि मुंग्यांच्या आधी शेजारच्या खोलीला.

पहिल्या वर्षाला ग्राफिक्सच्या शिटा आल्या आणि टेबलाचा अर्थच बदलला. दोन टेबलं वीतभर अंतरावर ओढायची, त्या फटीवर खिडकीची काच आडवी टाकायची, खाली होल्डरला शंभरचा बल्ब. काचेवर हुशार पोराची शीट, तिच्यावर आपली कोरी, कडांना क्लिपा. खालून सगळ्या रेषा उमटायच्या, आपण फक्त पेन्सिल फिरवायची. म्हणजे जीटी, ग्लास ट्रेसिंग. ज्यांनी मारली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी मारली नाही ते पुढे प्राध्यापक झाले. रात्री दोनच्या सुमाराला काच इतकी तापायची की तळहात टेकवता यायचा नाही, चिकटपट्टी मऊ होऊन तिचा गोडसर वास सुटायचा, आणि तिघंचौघं एका बल्बवर वाकून, डोक्याला डोकं लावून. सबंध चार वर्षांत त्या टेबलावर एवढी एकाग्रता मी दुसऱ्या कशासाठी बघितली नाही. काच सबमिशनच्या गडबडीत तडकली ती तडकलीच. खिडकीला ड्रॉइंग शीटचा पुठ्ठा लावला. पावसाळ्यात तो भिजून आत आला आणि खिडकीवाल्याच्या टेबलावर पाणी. खिडकीचा रुबाब तिथे संपला.

उजेडाबद्दल माझं एक खूळ आहे, तेही सांगून टाकतो. लिहिताना दिवा डाव्या खांद्यामागून यायला हवा. उजवीकडून आला तर हाताची सावली अक्षरावर पडते आणि मला आपण काहीतरी लपवून लिहितोय असं वाटत राहतं. हॉस्टेलची ट्यूब पाठीमागे होती, म्हणजे वहीवर सबंध डोक्याची सावली. घरी आलो की पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन टेबल लॅम्प घ्यायचं ठरवून ठेवलं होतं. तो वाकवता येणाऱ्या मानेचा लॅम्प घेतला आणि त्याच वर्षांत भारनियमनानं जोर धरला. २००५ ची ती साल. ऐन पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्री दिवे जायचे. लॅम्पची मान छान वाकायची, एवढंच. रेक्टरच्या ऑफिसबाहेर इन्व्हर्टरवरची एक ट्यूब चालू राहायची. अख्खं हॉस्टेल चटया आणि चादरी घेऊन त्या व्हरांड्यात. खिडकीवाला, भिंतवाला, दारामागचा, सगळे एका ओळीत फरशीवर. मला एम-थ्री जे काही समजलं ते तिथे, आणि समजावलं ते मेकॅनिकलच्या एका सीनियरनं, ज्याला स्वतःला त्यातच केटी होती, म्हणजे तो विषय राहिलेला होता.

टेबल मागायची सोय आमच्या घरी आधी नव्हतीच. वडील कोल्हापूरला बोर्डिंगात राहून शिकलेले. कोल्हापूरला बोर्डिंगांची काय कमी! शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा नसेल तर शाळा काढून उपयोग काय, हा साधा हिशेब त्यांना कळला होता. वडिलांच्या बोर्डिंगात टेबलखुर्ची नव्हती. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक. आत कपडे, घरचं मेतकूट, पैशाचा हिशेब, आणि झाकणावर वही. पाय पोटाशी घेऊन वाकून लिहायचं. वडील पुढे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, ऑफिसात काचेचं टेबल होतं, पण घरी काही महत्त्वाचं लिहायचं झालं, कुणाला कडक पत्र वगैरे, की खाली बसायचे. कॉटखालची ट्रंक ओढायचे. अक्षर तिथेच सुरेख यायचं म्हणे.

त्यामुळे दहावीला मी टेबल मागितलं तेव्हा जे उत्तर मिळालं ते महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मिळतं. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. जात्यापाशी अंथरूण, पायाशी शेळी, रात्री दोनला वडील उठवायचे आणि ते दिव्यापाशी बसायचे. १९०७ ला मॅट्रिक झाले. त्यांना टेबल लागलं का? मी गप्प. शेळीपुढे कुणाचं काय चालणार! पण पुढे त्याच बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांचा विचार करून, हे वडिलांनाही ठाऊक होतं. तेवढा भाग ते सांगायचे नाहीत. शेवटी टेबल आणलं, घडीचं, जुन्या बाजारातलं. एक पाय आखूड. त्याखाली घडी घालून ठेवलेलं मराठीचं 'अपेक्षित' प्रश्नसंचाचं पुस्तक दहावीचा निकाल लागेपर्यंत तिथेच होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन संध्याकाळी चहाला बाहेर पडलो. आमच्याकडे पुण्यात नव्या पेठेत चहाच्या टपरीवर कुठल्याही वेळी गेलं तरी पाठीला सॅक लावलेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं असतात, हातात चालू घडामोडींचं पुस्तक, एक बोट पानात. त्यातला एक माझ्या ओळखीचा, लातूरकडचा. राहतो कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं खोलीचं नाही, फक्त एका कॉटचं. खोलीत सहा कॉट, टेबल एकही नाही, ठेवायला जागाच नाही. अभ्यासाला म्हणून अभ्यासिकेत वेगळी सीट घेतलेली, तिचे महिन्याचे पैसे वेगळे. एकदा मला दाखवायला नेलं होतं. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, डोक्यावर छोटा एलईडी, खाली चार्जिंगचा पॉइंट. घोड्याच्या झापडांसारख्या त्या फळ्या, बाजूचं काही दिसू नये म्हणून. समोरच्या फळीवर त्यानं चौकोनी कागद लावला होता. त्यावर स्वतःचं नाव आणि खाली 'उपजिल्हाधिकारी'. ठशीव अक्षरं, शीर्षकाला सावली दिलेली.

"काय म्हणतो अभ्यास?" मी सवयीनं विचारलं.

"थांबवलाय काका. वय गेलं. गावाकडे चुलत्याबरोबर खताचं दुकान बघायचं ठरलंय."

"मग सीट सोडली?"

"नाही अजून. दिवाळीपर्यंत राहणार आहे इथं, एक-दोन कामं आहेत. सीट ठेवलीय."

"आता कशाला? जातोस का तिथे?"

"रोज जातो की," तो म्हणाला. "खोलीवर बसायचं कुठे?"