चारित्र्य पडताळणीत अडकलेला माझा जुना गुन्हा

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत माझं सिलेक्शन झालं, तेव्हा जॉइनिंगसाठी एकच कागद बाकी होता: पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ऑनलाइन अर्ज भरला, आधार, लाइट बिल, फोटो जोडले, फी भरली. गुन्ह्याबद्दलच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. तिथेच चुकलो.

काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. हवालदारांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "भाऊ, २०१७ चा गुन्हा आहे तुमच्यावर. कलम ३२५. आणि अर्जात तर नाही म्हणताय."

तेव्हा गल्लीत गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी हाणामारी झाली होती. त्यांच्या मुलाचं मनगट मोडलं, म्हणून गंभीर दुखापतीचं कलम ३२५ लागलं आणि मी व चुलतभाऊ दोघंही आरोपी झालो. २०१९ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. आज ते शेजारी आमच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवतात, म्हणून माझ्या लेखी तो विषय संपलेला होता. पण पोलिसांच्या नोंदीत माझ्या नावापुढे अजूनही 'न्यायप्रविष्ट', म्हणजे खटला चालू आहे, असंच होतं. निकाल लागून इतकी वर्षं झाली तरी ती नोंद कुणी चढवली नव्हती, याचा मला खरंच राग आला. एका ओळीसाठी माणसाची नोकरी अडते.

ओळखीच्या एकाने सांगितलं, "ती एन.सी. असेल, सोडून दे." तसं नव्हतं. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तिचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस करू शकत नाहीत. माझ्यावर होता एफ.आय.आर., म्हणजे प्रथम खबर. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली नोंदवत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवतात. पण खबर ती खबरच. गुन्हा घडल्याची माहिती पोलिसांना मिळाली, एवढंच त्यातून कळतं. तपासानंतर दोषारोपपत्र कोर्टात जातं, आणि माणूस दोषी की निर्दोष हे शेवटी कोर्ट सांगतं. हे मला आठ वर्षं आधी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

निकालाचा कागद काढून ठाण्यात द्यायचं ठरवलं, पण सगळ्यात जास्त गोंधळ नंबरांचा झाला. पोलिसांचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) वेगळा, कोर्टातला आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर वेगळा. माझ्याकडे फक्त पहिला होता. कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या साइटवर पोलीस ठाणं, एफ.आय.आर. नंबर आणि वर्ष टाकलं, तेव्हा केस सापडली. तो कागद घेऊन सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात गेलो आणि निकालाच्या नक्कलेचा अर्ज दिला. नुसती झेरॉक्स चालत नाही, सही-शिक्क्याचीच नक्कल लागते.

नक्कल हातात आली तेव्हा मी पायऱ्यांवर बसूनच वाचली. जांभळा गोल शिक्का, आणि त्याच्या वर 'तडजोडीमुळे आरोपींना निर्दोष मुक्त करण्यात येते'. कोर्टाच्या परवानगीने झालेल्या तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेसारखाच असतो, हे वकिलांनी तेव्हाही सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नव्हतं.

पुन्हा ठाण्यात गेलो. आधीचं उत्तर चुकून 'नाही' लिहिल्याचं लेखी दिलं, केस नंबर आणि निकालाची तारीख लिहिली, नक्कल जोडली आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. हवालदारांनी नक्कल दोनदा वाचली, मग म्हणाले, "हे आधीच आणलं असतं तर अर्ज थांबला नसता." त्यांचं खरं होतं. आणि माझी तक्रारही खरी होती.

प्रमाणपत्र आलं, कंपनीने जॉइनिंगची तारीख पुढे ढकलून दिली होती म्हणून नोकरी वाचली. नक्कलेच्या आणखी दोन प्रती मी काढून घेतल्या आहेत. एक माझ्या फाइलमध्ये आहे, दुसरी चुलतभावाला दिली. त्याला पुढच्या महिन्यात पासपोर्टचा अर्ज करायचा आहे.