कोपनहेगनची चार बोटांची पायरी

पहिल्या सकाळी नॉरेब्रोगेड रस्त्यावर सायकल काढली तेव्हा सवयीने सारखी मागे वळून बघत होते. राणी लुईसच्या पुलापर्यंत पोचेतो ते आपोआप थांबलं. का, ते कळावं म्हणून उतरून नीट पाहिलं.

उजवीकडे फुटपाथ. एक पायरी खाली सायकल ट्रॅक. आणखी एक पायरी खाली गाड्यांचा रस्ता. मधला दगडी काठ जेमतेम चार बोटं उंच, पण चाक त्यावर चढलं की चालकाला दणका बसतो. नुसता रंगाचा पट्टा असता तर चाक कधी आत आलं ते त्याला कळलंही नसतं. जिथे पार्किंग आहे तिथे गाड्या ट्रॅकच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला लागतात. त्यामुळे धावती वाहनं आणि आपण यांच्यामध्ये उभ्या गाड्यांची भिंतच तयार होते. ट्रॅककडे उघडतं ते शेजारच्या सीटचं दार, तरी हातभर अंतर सोडाच.

खरी भीती चौकात. तिथे तो काठ संपतो. तिसऱ्या दिवशी एक ट्रक माझ्या डावीकडून येऊन उजवीकडे वळू लागला. सरळ जाणाऱ्या सायकलला त्याने वाट द्यायची, असा नियम आहे. पण उंच केबिनमधून अगदी बाजूची सायकल दिसतच नाही. मी ब्रेक दाबला म्हणून निभावलं. यासाठीच बऱ्याच चौकांत गाड्यांची थांबारेषा सायकलींच्या रेषेपेक्षा मागे, साधारण 5 मीटरवर आखलेली आहे. आपण पुढे, चालकाच्या नजरेसमोर उभे राहतो. शेजारी ट्रक असेल तर हक्क सोडा, मागे थांबा.

डावीकडे वळताना चौक तिरका कापायचा नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं आणि त्या दिशेचा सिग्नल हिरवा झाला की निघायचं. थांबण्याआधी हात वर करा, मागचे लोक खरंच त्यावर विसंबून असतात. कायम उजवीकडे राहा, ओव्हरटेक डावीकडून. बसमधले प्रवासी थेट ट्रॅकवर उतरत असतील तर थांबावंच लागतं. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा. भाड्याच्या सायकलला मागचा ब्रेक बहुधा पेडल उलटं दाबून लागतो, तेव्हा आधी मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारा.

नॉरेब्रोगेडवर जोर लावून पुढे काढण्यात अर्थ नाही. तिथले सिग्नल ताशी 20 किमीने चालणाऱ्या सायकलला जुळवलेत, सकाळी शहराच्या दिशेने आणि दुपारनंतर बाहेरच्या. मी तीनदा घाई केली, तीनदा लाल दिव्याशी थांबले.

शेवटच्या दिवसासाठी 2014 साली झालेला सायकलींचा नारिंगी उंच पूल, सिकेलस्लँगेन, राखून ठेवा. पण त्याआधी एका सकाळी आठ वाजता एखाद्या मोठ्या चौकात अर्धा तास नुसते उभे राहा आणि त्या मागच्या थांबारेषेवर गाड्या कशा थांबतात ते बघा.