केशवरावांचं थेटर

आज कोल्हापुरात खासबागेच्या बाजूला काम होतं. केशवराव भोसले नाट्यगृहापाशी आलो आणि पाय पुढे जाईनातच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती! त्या रात्री जुनेजाणते कलाकार ढसाढसा रडले. घरातलं माणूस गेल्यावर रडतात, तसे.

शाहू महाराजांनी १९१३ मध्ये काम सुरू केलं आणि १९१५ मध्ये हे थेटर पॅलेस थिएटर या नावानं उभं राहिलं. शेजारी कुस्तीचं मैदान, तेही महाराजांचंच. म्हणजे इकडे नाट्यपद रंगतंय आणि तिकडे पैलवान शड्डू ठोकतोय. पैलवान आणि गवई यांना शेजारी बसवणारा राजा आपल्या गावाला लाभला, याचा मला फार अभिमान आहे.

केशवरावही इथलेच. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ते आणि बालगंधर्व एकाच रंगमंचावर गायले. त्याच वर्षी, अवघ्या ३१ व्या वर्षी केशवराव गेले.

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये इथेच जन्मली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. आणि तरी आपल्या पोरांना हे शाळेत कुणी नीट सांगत नाही.

माझं एकच मागणं आहे. इथला पडदा पुन्हा उघडेल तेव्हा पहिला प्रयोग संगीत नाटकाचा हवा, आणि तो कोल्हापूरच्याच हौशी कलाकारांनी करावा. तिकिटाच्या रांगेत मी पहाटेपासून उभा राहीन.