आजींना वास येत होता

डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका गावातून फोन आला. "मिस्त्री, गीझर पाणी तापवायला वेळ लावतोय. दोनदा कॉइल बदलली, तरी तेच." दोनदा बदलूनही तेच, म्हणजे दुखणं कॉइलचं नाही, एवढं मला फोनवरच वाटलं.

घर जुनं आणि लांबच लांब. पुढं सोपा, तिथं मीटर आणि मेन बोर्ड. मग माजघर, स्वयंपाकघर आणि पार मागं परड्याला लागून नवी बांधलेली न्हाणी. मेनपासून गीझरपर्यंतची तार ४० मीटर भरली. अर्ध्यापर्यंत जुनी अडीच चौरस मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची, पुढं नव्यानं जोडलेली दीडची तांब्याची.

गीझरवर शिक्का होता २३० व्होल्ट, २००० वॅट. २३० चा वर्ग करून २००० नं भागला की कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २६.४५ ओहम येतो. मेन पाडून कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावला, २६.४ दाखवले. कॉइल ठणठणीत. आधीच्या दोन्ही कॉइलीही बहुतेक चांगल्याच असाव्यात, पैसे फुकट गेले.

मालक म्हणाले, "व्होल्टेज पण बघून गेलेत की. बरोबर आहे म्हणाले." मी विचारलं, गीझर चालू ठेवून बघितलं की बंद? बंद ठेवून. इथंच चूक झाली होती. तारेतून करंट जात नसेल तेव्हा तारेत व्होल्ट पडतच नाहीत, म्हणजे वाटेत कमी होतच नाहीत. वाटेत पडणारे व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले वाटेतले ओहम. अँपिअरच शून्य तर वाटेत कितीही खराबी असू दे, शेवटच्या टोकाला मीटर मेनवरचे पूर्ण २३२ दाखवणार. लोड, म्हणजे इथं गीझर, चालू ठेवून दोन्ही टोकांना मोजल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मी मीटर काढतोय तोवर माजघरातल्या आजी म्हणाल्या, "आरं लेकरा, रोज सकाळी जळकट वास येतोय बघ हितं. कुणी ऐकंल तर." मुलगा लगेच म्हणाला, "आईला भास होतोय हो." आजींचं अंथरूण माळ्याच्या बरोबर खाली. वर माळ्यावर वाकळा आणि जुन्या वह्या रचलेल्या. मी तिकडं बघितलं आणि पोटात धस्स झालं.

गीझर चालू करायला सांगितला. बरोबरचा पोरगा मेनला उभा, मी न्हाणीत, फोन कानाला. मेनला २३२. गीझरच्या टर्मिनलवर २१४. तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये ८.१ अँपिअर. २१४ भागिले ८.१ म्हणजे पुन्हा २६.४ ओहम. कॉइलबद्दल शंकाच उरली नाही.

मग १८ व्होल्ट गेले कुठं? योगायोग असा की दीडच्या तांब्याचा आणि अडीचच्या अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स सारखाच, किलोमीटरला १२.१ ओहम. जाणारी-येणारी मिळून ८० मीटर तार, म्हणजे ०.९७ ओहम. ८.१ नं गुणलं की जेमतेम ८ व्होल्ट. तेवढे तार खाणारच. उरलेले १० व्होल्ट कुठंतरी एका जागी पडत होते. १० गुणिले ८.१, ८१ वॅट. माझ्या दुकानातली २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न कथील पाण्यासारखं वितळवते. तिच्या तिप्पट उष्णता ह्या घरात रोज सकाळी अर्धा तास एका बोटभर जागेत तयार होत होती.

जागा शोधायला फार वेळ लागला नाही. मेन पाडून शिडीवर चढलो आणि माळ्यालगतच्या, तार झाकणाऱ्या लाकडी केसिंगपट्टीवर हाताची मागची बाजू टेकवली. एका वितीत पट्टी चांगलीच गरम, बाकी गार. पट्टी उचकटली तर आतलं लाकूड काळं पडलेलं, टेप वितळून डिंकासारखी चिकटलेली. टेप सोलली. तांबं आणि अॅल्युमिनियम नुसतं पिळून जोडलेलं. अॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी, तांब्याचं टोक जांभळट. रबरी हातमोजे घातले, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मेन पुन्हा चढवायला सांगितला. जोडाच्या अलीकडे एक पिन, पलीकडे दुसरी. १० व्होल्ट. एकाच फेजच्या तारेवर, तीन बोटांच्या अंतरात!

अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि त्यातून करंट नीट जात नाही. त्यात ते तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं, मऊ असल्यानं दबतं, निवलं की जोड सैल पडतो. सैल जोड आणखी तापतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अॅल्युमिनियम वायरिंगला पुढं तांबं जोडलेली घरं आपल्याकडं अजून भरपूर आहेत.

मालकांचा प्रश्न रास्त होता. "एमसीबी का पडला नाही?" एमसीबी १६ अँपिअरचा. तो जादा करंट ओळखतो. खराब जोड करंट वाढवत नाही, उलट थोडा कमी करतो. आरसीसीबी करंटची गळती ओळखतो, इथं गळती नसल्यामुळं त्यालाही काही कळत नाही. माळा पेटेपर्यंत दोन्ही गप्प बसले असते. मी हे सांगत होतो तेव्हा मुलानं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. आजी काहीच बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी मेनपासून गीझरपर्यंत अडीचची तांब्याची नवी तार ओढली, मध्ये एकही जोड न देता. माळ्यावरच्या वाकळा पोरांनी खाली उतरवल्या. एका वाकळेची कड करपली होती. संध्याकाळी पुन्हा मोजलं. मेनला २३२, गीझरला २२७, करंट ८.६. म्हणजे १९५० वॅटच्या आसपास. सकाळी हेच १७३० भरले होते. पाण्याच्या हिशेबानं फरक दोन-तीन मिनिटांचाच, आणि तेवढ्या फरकावरून मला बोलावणं आलं होतं.

निघताना मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि तिन्ही आकडे लिहिले, खाली 'गीझर चालू असताना' असंही लिहिलं. पुढच्या मिस्त्रीला तुलना करायला मिळेल. आजींना सांगितलं, पुन्हा वास आला तर थेट मला फोन करायचा. त्यांनी नातवाला हाक मारली आणि माझा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून घेतला.