मागचा उजेड उतरवताना

दादरच्या मीनाताई ठाकरे फूलबाजारात पहाटे उजेड भरपूर असतो, पण नको तिथे. गाळ्यांवर लटकणारे उघडे एलईडी बल्ब, थर्माकोलची पांढरी खोकी, निळी ताडपत्री, आणि त्यांच्यापुढे शेवंतीच्या ढिगाआड बसलेली बाई सावलीत. नजर आधी सगळ्यात उजळ जागी जाते, म्हणून फोटोत पहिल्यांदा दिसतो तो बल्ब. मी तिथे जाते ती माणसांसाठी. त्यामुळे मागचा उजेड उतरवण्याचं काम मी फार मन लावून करते.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 2021 पासून 'सिलेक्ट सब्जेक्ट' आलंय. एका क्लिकवर बाई निवडली जाते, हा निवडलेला भाग, म्हणजे मास्क, उलटा केला की मागचं सगळं हातात येतं. मग बरेच जण एक्स्पोजरची, म्हणजे एकूण उजेडाची, पट्टी धरून थेट डावीकडे ओढतात. मला ते अजिबात पटत नाही. मागे नुसता काळोख उरला तर तो फोटो दादरचा कशावरून? मी आधी फक्त हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, उतरवते. बल्ब आणि थर्माकोल शांत होतात, सावल्यांना फारसा धक्का लागत नाही. त्यानंतर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप), बस्स. ताडपत्रीचा निळा वेगळा फिका करते, कारण गडद झाला तरी तो झेंडूच्या केशरीशी भांडतोच. फोटोशॉपमध्ये कर्व्ह्ज, म्हणजे उजेड-सावली बदलणारी वक्ररेषा, वापरून कॉन्ट्रास्ट वाढवलात तर रंग आणखी चढतात. म्हणून त्या लेयरचा (फोटोवरच्या थराचा) ब्लेंड मोड 'ल्युमिनॉसिटी' करा, म्हणजे फक्त उजेड-सावली बदलते, रंग नाही.

खरी मेहनत कडांवर. सुटलेल्या केसांभोवती उजळ रेघ राहते, ती शंभर टक्के झूम करून मऊ ब्रशने, त्याचा जोर, म्हणजे फ्लो, कमी ठेवून घालवावी लागते. शिवाय पुढ्यातली टोपली बाईचीच आहे, हे सॉफ्टवेअरला दर वेळी कळत नाही. ती हाताने मास्कमधून सोडवायची. बसायच्या गोणपाटाभोवतीची जमीनही एकदम गडद करू नका, नाहीतर माणूस हवेत तरंगतो. ज्या बाजूने चेहऱ्यावर प्रकाश येतोय, ती बाजू मागेही किंचित उजळ हवी.

हवा तो भाग गडद करणाऱ्या फोटोशॉपच्या बर्न टूलचं चिन्ह म्हणजे बोटं वळवलेला हात. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) असाच हात धरून बाकीचा प्रकाश अडवायचे आणि हवा तेवढाच भाग कागदावर जास्त वेळ पडू द्यायचे. तेवढा भाग गडद व्हायचा. हात सतत हलता ठेवायचा, म्हणजे कड उमटत नसे. आपलं 'फेदर', म्हणजे मास्कची कड मऊ करणारी सोय, तेच काम करतं, म्हणून त्यात कंजुषी नको.

एका फूलवाल्या मावशींना फोटोची प्रिंट हवी होती. मोबाइलवर फोटो बघून त्या म्हणाल्या, "मागच्या माळा दिसू देत गं, रात्रभर बसून मीच ओवल्यात." मग माळांपुरता मास्क पुसला आणि त्यांच्या वरचा बल्ब आणखी उतरवला. आता माळा दिसतात, पण नजर आधी मावशींच्या चेहऱ्यावरच जाते. कागदावर सावल्या स्क्रीनपेक्षा गडद येतात, म्हणून लॅबला द्यायच्या फाइलमध्ये माळांचा भाग अजून थोडा उजळवून ठेवलाय.