तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द सांगून का टाकत नाही?

इंदूरला रामबागेत वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं अडलेल्या माणसांची आमची शनिवारची बैठक भरते. माणसाला सोडायला आलेले नातेवाईक दारात पाच मिनिटं बघत उभे राहतात आणि हमखास विचारतात, ‘अहो, ते मघापासून च… च… करताहेत. चहा म्हणायचंय हे तुम्हाला कळतंय ना? मग सांगून टाका की. छळता कशाला?’

छळत नाही हो. म्हणजे, छळत नसावे.

पूर्वी मी भराभर सांगायचे. बाबांना लकवा होऊन वाचा गेली, तेव्हा दीड वर्षं त्यांचं प्रत्येक वाक्य मीच पुरं केलं आणि त्याला सेवा म्हटलं. बैठकीतही तेच. वाचाघात झालेली सहा माणसं आणि अखंड बोलणारी एकटी मी.

मग ते काका. मिलमध्ये फिटर होते. तोंडात एकच शब्द उरलेला, ‘तीन’. त्या दिवशी पोह्यांची बशी बाजूला सारून, खिडकीकडे बोट करून ते ‘तीन, तीन’ म्हणू लागले. मी सुरू झाले. तीन वाजता? तिसरी पाळी? तीन नंबरचं घर? काकांची मान नाही-नाही हलत होती, कपाळावर घाम. ‘तिसरा नातू झाला का?’ ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मान डोलावली. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, कोपऱ्यावरून जिलबी आणवली. काकांनीही खाल्ली.

साडेपाचला काकू न्यायला आल्या. मी अभिनंदन केलं. ‘नातू? अहो, मुलाचं अजून लग्न व्हायचंय!’ काका दारात सँडलचा पट्टा लावत होते. उजवा हात चालत नाही, डाव्यानं वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांना सगळं ऐकावं लागलं.

पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी तपासलेला रुग्ण जवळजवळ फक्त ‘तां’ म्हणायचा. त्या ‘तां’ला अर्थ नव्हता, मेंदूला इजा झाल्यावर तेवढंच तोंडात राहिलं होतं. हे मी वाचलेलं होतं. तरी ‘तीन’ ऐकलं आणि मोजायला बसले! आणि दमलेला माणूस नुसता सुटकेसाठी हो म्हणतो, हे तर घरीच पाहिलेलं.

वाचाघात झालेल्यांसोबत काम करणाऱ्या टोरांटोच्या ऑरा केगन यांनी यासाठी एक रीत बसवली आहे. जाड अक्षरात पर्याय लिहून पुढे ठेवायचे, समजलं ते परत विचारून घ्यायचं, आणि ‘तुम्हाला सगळं माहीत आहे, हे मला माहीत आहे’ असं तोंडानं म्हणायचं. आमच्या कागदावर हो, नाही आणि वेगळंच काहीतरी, असे तीन रकाने असतात. एका मावशींना बटाटा येत नाही, आलू येतो. तोही चालतो.

पण याच मावशींसाठी गेल्या महिन्यात मी इतकी थांबले, इतकी थांबले, की त्या रडायला लागल्या. मुलगा माझ्यावर भडकला. तो चुकला असं मला म्हणवत नाही. आता आधी विचारते, ‘सुचवू का?’ मावशी ‘नाही’वर बोट ठेवतात आणि मग सुचवलं नाही म्हणून रुसतात.

काका परत यायला लागलेत. अजून खिडकीकडे बोट, अजून ‘तीन’. बाहेर एक पिंपळ, एक बंद दुकान आणि विजेचा खांब. मी कागद पुढे सरकवते. गेल्या शनिवारी त्यांनी डाव्या हातानं एक उभी रेघ ओढली आणि पेन ठेवून दिलं.