वडूजहून कुंडलला

साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं निघाले. पुसेगावात चहा घेतला आणि वडूजला उतरले तेव्हा भुरभुर सुरू होती. आदल्याच दिवशी ९ सप्टेंबर झालेला. हुतात्मा स्मारकाच्या पायरीवर झेंडूचे हार भिजून पडले होते, पाकळ्यांचा पिवळा रंग दगडावर उतरला होता.

१९४२ साली याच तारखेला लोक मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघाले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. झेंडा हातात धरलेले परशुराम घार्गे पडले. एकूण नऊ माणसं गेली. स्मारकाशी बसलेले आजोबा म्हणाले, "माझा बा भाकरी बांधून गेल्ता, ताई. सांजच्याला घरी यायचं, एवढंच डोक्यात."

त्या भाकरीपाशी मी अडकले. लपवायचं काही असतं, तर कुणी दिवसाढवळ्या असं निघालं असतं का? कराडचा मोर्चा २४ ऑगस्टला असाच उघड निघाला होता. ३ सप्टेंबरला तासगावात तर कचेरीवर झेंडा लागलासुद्धा. मग वडूज, आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर. तिथं पंड्या आणि विष्णू बारपटे गोळीबारात गेले. काँग्रेस बेकायदा, पुढारी तुरुंगात, मोर्चाला गोळ्या. उघड्या वाटा सरकारनंच बुजवल्या, आणि भूमिगतांना वर गुंड-दरोडेखोर म्हटलं. मला याचा आजही संताप येतो.

दुपारी विट्यावरून कुंडलला पोचले. हे गाव तेव्हा औंध संस्थानात, त्यामुळे इंग्रजी पोलिसांना इथं सहज हात घालता येत नसे. इंग्रजांच्या राज्याला समांतर उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला आणि त्याचं लढाऊ दल असलेल्या जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेला या गावानं आसरा दिला. न्यायनिवाड्यापर्यंत कारभार उभा राहिला. पण भूमिगत राहायचं म्हणजे प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्यात खबऱ्या दिसायचा. फितुरांना पत्री मारल्याच्या, म्हणजे तळपायांवर फटके देण्याच्या शिक्षेच्या, आठवणी आजही लोक आवाज खाली करूनच सांगतात. दडपशाहीनं गावांचं केलेलं हे नुकसान मला गोळीबाराइतकंच मोठं वाटतं.

एका ओसरीवर मावशींनी पाणी दिलं. त्यांच्या सासूबाई भूमिगतांना जेवण करायच्या.

"भाकरी दिवसाच थापून ठेवायच्या. रातीला चूल पेटली, धूर दिसला, की कुणीतरी सांगायचं."

"कोण कोण यायचं जेवायला?"

"ते न्हाई सांगितलं कधी त्यांनी. इंग्रज गेल्यावरबी न्हाई."